माझाच माल, माझंच गोदाम, देश दुसरा: यात व्हॅट कुठून आला?

ताम्रपर्णी

नमस्कार मंडळी. ड्युसेलडॉर्फमधून तांब्या-पितळेच्या वस्तू ऑनलाइन विकते. समया, निरांजनं, अभिषेकपात्रं असं सगळं आहे, पण जर्मन गिऱ्हाइकांत खरा खप तांब्याच्या पाण्याच्या बाटलीचा. माल पुण्याच्या तांबट आळीतून आणि थोडा मुरादाबादहून येतो, हँबुर्गला उतरतो. तिथे ड्यूटी आणि १९ टक्के आयात व्हॅट भरते, तो व्हॅट पुढच्या फोरआनमेल्डुंगमध्ये (जर्मन व्हॅट रिटर्नमध्ये) इनपुट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर, म्हणून परत घेते. व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर, नोंदणी फक्त जर्मनीत. ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, फ्रान्सला जाणारी पार्सलं ओएसएसमध्ये ('वन स्टॉप शॉप', इतर सदस्य देशांतल्या विक्रीचा व्हॅट एकाच रिटर्नमध्ये भरायची सोय) दाखवते. इथवर सगळं सुरळीत आहे.

माल एका मार्केटप्लेसच्या गोदामात असतो. आता त्यांचं म्हणणं असं की पोलंड आणि चेकियातल्या गोदामांतही माल ठेवू द्या, नाहीतर जर्मनीतून जाणाऱ्या दर नगामागे काही सेंट जादा आकारू. सेटिंगमध्ये एक टिक करायची, बस्स.

ती टिक करण्याआधी विचारते. माल माझाच राहणार. कुणाला विकलेला नाही. गिऱ्हाईक बहुतेक जर्मनीतलंच. फक्त शेड सीमेच्या पलीकडे. मग पोलंड सरकारचा यात संबंध काय? माझ्या स्टॉयरबेराटरीन (कर सल्लागार) बाईंनी "पोलंडचं आम्ही करत नाही" एवढं सांगून विषय संपवला.

चिकूवाडी

ओएसएस आहे ना तुमच्याकडे? मग झालं की. एक नोंदणी, सत्तावीस देश, त्यासाठीच तर २०२१ मध्ये आणलं ते. बिनधास्त टिक करा.

ओंडका

वाचतोय. (मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण लोकांचे कर वाचायला बरे वाटतात.)

हिशेबनीस

टिक करू नका, निदान हा प्रतिसाद वाचून होईपर्यंत. चिकूवाडी म्हणतात ते अर्धं बरोबर आहे, आणि दंड नेहमी उरलेल्या अर्ध्याचा होतो.

ओएसएस हे *विक्रीचं* रिटर्न आहे. एका देशातून दुसऱ्या देशातल्या ग्राहकाला माल गेला, तर त्या ग्राहकाच्या देशाचा व्हॅट तिथे दाखवायचा. तुमचा स्वतःचा माल एका गोदामातून दुसऱ्या गोदामात गेला, हे ओएसएसमध्ये दाखवायला आज रकानाच नाही. आणि युरोपच्या व्हॅट कायद्याला हे हलवणं विक्रीइतकंच महत्त्वाचं वाटतं. २००६ च्या व्हॅट निर्देशाचं कलम १७ पाहा: धंद्याचा माल स्वतःसाठीच दुसऱ्या सदस्य देशात नेला, तरी तो मोबदला घेऊन दिलेला पुरवठा मानायचा. विकणारे तुम्ही, घेणारेही तुम्हीच.

हे असं का, ते समजलं की पुढचं सोपं जातं. १९९२ अखेरपर्यंत या सीमांवर कस्टम्सचा माणूस उभा होता. माल जर्मनीतून बाहेर पडला की निर्यात, फ्रान्समध्ये शिरला की आयात. १ जानेवारी १९९३ ला एकल बाजारपेठ आली, चौक्या उठल्या, पण प्रत्येक देशाचा व्हॅट आणि त्याचे दर वेगळेच राहिले. मग चौकीवर जे व्हायचं ते दोन्ही बाजूंच्या रिटर्नांत करायचं ठरलं. निघालेल्या देशात करमुक्त पुरवठा, पोचलेल्या देशात खरेदी. ही व्यवस्था 'तात्पुरती' म्हणून आणली होती. तीस वर्षं उलटून गेली, तात्पुरती अजून आहे.

आता तुमचं उदाहरण. समजा २०० बाटल्या हँबुर्गजवळच्या गोदामातून पोलंडला गेल्या. तुम्हाला एक बाटली पडली १० युरोला. हिशोब खरेदी किमतीवर होतो, विक्रीच्या किमतीवर नाही, म्हणजे २,००० युरो. जर्मनीत हे शून्य टक्क्याने दाखवायचं, फोरआनमेल्डुंगमध्येही आणि दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंतच्या त्या एकत्रित विवरणातही, ज्यात घेणाऱ्याचा व्हॅट क्रमांक लागतो. घेणारे कोण? तुम्ही. कोणता क्रमांक? तुमचा पोलंडचा. पोलंडमध्ये त्याच २,००० वर २३ टक्के म्हणजे ४६० युरो देय दाखवायचे आणि त्याच रिटर्नमध्ये ४६० इनपुट म्हणून वजा करायचे. खिशातून काही जात नाही. पण क्रमांक नसेल तर यातली कुठलीच ओळ भरता येत नाही.

आणि इथेच मेख आहे. १ जानेवारी २०२० पासून घेणाऱ्याचा वैध व्हॅट क्रमांक ही शून्य टक्क्याची *अट* झाली आहे. आधी ती कागदोपत्री बाब समजली जायची. पोलंडचा क्रमांक नसताना माल गेला, तर जर्मनीची शून्य टक्क्याची सवलत हातची जाऊ शकते, आणि पोलंडचं देणं तर लागतंच.

ताम्रपर्णी

बाप रे. म्हणजे एकही बाटली विकण्याआधीच एवढं?

आणि विकल्यावर? तीच बाटली पोलंडच्या गोदामातून माझ्याच शहरातल्या गिऱ्हाइकाला गेली तर?

हिशेबनीस

विकल्यावर माल कुठून निघाला आणि कुठे पोचला एवढंच बघायचं. तुम्ही कुठे बसलात, पैसे कोणत्या बँकेत आले, याला इथे किंमत नाही.

पोलंड ते बर्लिन: जर्मनीचे १९ टक्के, पण *ओएसएसमध्ये*. हो, तुम्ही जर्मन, गिऱ्हाईक जर्मन, तरी ही सीमापार विक्री आहे. तीच बाटली जर्मनीतल्या गोदामातून बर्लिनला गेली तर नेहमीच्या फोरआनमेल्डुंगमध्ये. नव्या लोकांची इथे हमखास गल्लत होते, काहींचं एकच पार्सल दोन्हीकडे मोजलं जातं.
पोलंड ते व्हिएन्ना: ऑस्ट्रियाचे २० टक्के, ओएसएस.
पोलंड ते क्राकुव: पोलंडचे २३ टक्के, पोलंडच्या स्थानिक रिटर्नमध्ये. ओएसएसला हे चालत नाही.

शिवाय ओएसएस रिटर्नमध्ये जर्मनीतून निघालेला माल आणि पोलंडमधून निघालेला माल वेगळा दाखवावा लागतो, दुसऱ्यासमोर पोलंडचा क्रमांक लिहून. त्यामुळे 'पोलंडचं नंतर बघू' असं म्हणता येत नाही, ओएसएसचं रिटर्नच तुम्हाला विचारतं.

चिकूवाडी

पण १०,००० युरोपर्यंत सूट आहे ना? लहान विक्रेत्याने आपल्याच देशाचा व्हॅट लावायचा.

हिशेबनीस

आहे. पण ती सूट तुमच्या स्वतःच्या देशातून निघालेल्या मालासाठी. परदेशातल्या गोदामातून निघालेल्या मालाला पहिल्या युरोपासून पोचण्याच्या देशाचा व्हॅट. आणि ताम्रपर्णींनी ओएसएस घेतलंच आहे, म्हणजे त्यांच्यापुरता तो प्रश्न संपला.

व्रोत्स्वाफचा वाटसरू

मी पोलंडमध्येच असतो, गोदाम व्यवस्थापनात. बाहेरच्यांना दिसत नाही ते सांगतो.

ही मोठी गोदामं जर्मन सीमेलगतच्या पट्ट्यात आणि पोझनान, व्रोत्स्वाफ भागात का आहेत? कारण जागा आणि मजुरी स्वस्त, आणि रात्रीत ट्रक बर्लिनला. इथून निघणारी बरीचशी पार्सलं पोलंडमध्ये थांबतच नाहीत. त्यामुळे विक्रेत्याला वाटतं की पोलंड फक्त वाटेत आहे. पोलंडच्या कर खात्याच्या दृष्टीने मात्र माल इथे *ठेवला* होता.

दुसरं म्हणजे, टिक केल्यावर माल कधी आणि किती हलवायचा हे सॉफ्टवेअर ठरवतं. आज ४० नग इकडे, परवा १५ चेकियाला, पुढच्या आठवड्यात त्यातले ६ परत. प्रत्येक हालचाल म्हणजे वर सांगितलेली विक्री-खरेदीची जोडी. महिन्याच्या शेवटी लांबलचक फाइल मिळते, त्यात तारीख, वस्तूचा कोड, कुठून, कुठे, सगळं असतं. फाइल विक्रेत्याने उतरवून घ्यायची, तुमच्या खरेदी किमती त्यात तुम्हीच भरायच्या. कर खात्यासमोर जबाबदारी तुमची.

पोलंडचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, ठरलेल्या संगणकीय नमुन्यात. पैसे झ्वॉटीत भरायचे. कागद पोलिशमध्ये. युरोपीय संघातल्या व्यावसायिकाला इथे कर प्रतिनिधी नेमणं सक्तीचं नाही, पण पोलिश येणारा हिशेबनीस मिळवल्याशिवाय हे करू नका. चेकियाचं वेगळंच. तिथे बाहेरच्या लोकांची नोंदणी राजधानी प्राहात (प्रागला) नाही, ऑस्ट्राव्हाच्या कार्यालयात होते.

ओंडका

ऑस्ट्राव्हा! एका बाटलीसाठी केवढी यात्रा.

जीएसटीग्रस्त

ठाण्याहून. युरोपचं मला फारसं माहीत नाही, पण हे वाचून आपलंच घर वाटलं. भारतात ऑनलाइन विकणाऱ्याने भिवंडीच्या गोदामातला माल बंगळुरूच्या गोदामात पाठवला, तर तोही पुरवठाच. पॅन एक असला तरी प्रत्येक राज्यातली जीएसटी नोंदणी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती, आणि परिशिष्ट १ प्रमाणे अशा दोघांतला व्यवहार मोबदल्याविनाही पुरवठा. म्हणून कर्नाटकात माल ठेवायचा तर कर्नाटकात नोंदणी घ्या, स्वतःच स्वतःला बिल फाडा, आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लावा, पलीकडे क्रेडिट घ्या. जुलै २०१७ च्या आधी हेच एफ फॉर्मवर (माल विकला नाही, नुसता दुसऱ्या राज्यात हलवला याचा दाखला) बिनकराचं व्हायचं. ते फॉर्म गोळा करताना आमचे केस पांढरे झाले.

फरक एवढाच दिसतो की आपल्याकडे आयजीएसटी आधी भरावा लागतो (क्रेडिटमधून का होईना), आणि तिकडे देय आणि इनपुट एकाच रिटर्नमध्ये फिटतं.

हिशेबनीस

जीएसटीग्रस्त, +१. इथे नव्याने आलेल्या मराठी विक्रेत्यांना मी हेच सांगतो: सदस्य देशांना राज्यं समजा. ज्यांनी भारतात दोन राज्यांत माल ठेवला आहे, त्यांना पाच मिनिटांत कळतं.

कोकणकन्या

मध्येच विचारते. मी क्लाइनउंटरनेमर (छोटी व्यावसायिक) आहे, म्हणजे व्हॅट लावतच नाही. गोधड्या आणि पिशव्या विकते, हॅनोव्हरजवळून. मला तरी ही भानगड नसेल ना?

हिशेबनीस

ताई, जर्मनीची ती सवलत (मागच्या वर्षी २५,००० पर्यंत, चालू वर्षी १ लाख युरोपर्यंत उलाढाल) जर्मनीतल्या विक्रीपुरती. २०२५ पासून अशी सवलत दुसऱ्या सदस्य देशातही मागता येते, पण पूर्ण युरोपीय संघातली उलाढाल १ लाख युरोच्या आत हवी आणि त्या देशाची स्वतःची मर्यादाही सांभाळायला हवी. आणि ती सवलत *विक्रीवरच्या* करातून आहे. तुम्ही पोलंडमध्ये माल आणून ठेवला, ही खरेदीची बाजू वेगळी बघावी लागते. शिवाय इनपुट मिळत नाही, म्हणजे वरचे ४६० युरो दोन्हीकडे लिहून फिटण्याऐवजी खरंच खिशातून जाऊ शकतात. तुमच्या आकाराच्या धंद्याने परदेशी गोदामाच्या नादाला लागू नये, असं माझं स्पष्ट मत.

कोकणकन्या

नाही लागत. धन्यवाद.

भोसरीकर

धागा हायजॅक करत नाही, पण माझा प्रश्न याच जातीचा आहे, फक्त गिऱ्हाईक कारखाना आहे.

भोसरी एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं युनिट आहे. जर्मनीत श्टुटगार्टजवळचा एक ग्राहक पंपाचे भाग घेतो. इतके दिवस समुद्रमार्गे माल जायचा, आयातदार तेच. आता त्यांना जस्ट-इन-टाइम पाहिजे: "तीन महिन्यांचा स्टॉक युरोपात ठेवा, आम्ही लागेल तसा उचलू, उचलू तेव्हा बिल करा." रॉटरडॅमचा एक लॉजिस्टिक्सवाला जागा द्यायला तयार आहे. आमच्या सीएंनी युरोपच्या करावर हात वर केले. आमची तिकडे कंपनी नाही, काढायचीही नाही.

हिशेबनीस

भोसरीकर साहेब, हा माझ्या रोजच्या कामातला विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं पाऊल आयातीचं. माल रॉटरडॅमला सोडवायचा तर आयातदार म्हणून कुणीतरी हवं. ग्राहक नाही, कारण माल अजून तुमचा. म्हणजे तुम्ही, आणि तुमचं युरोपात ठाणं (स्वतःची जागा आणि माणसं) नाही म्हणून कस्टम्समध्ये तुमच्या वतीने उभा राहणारा अप्रत्यक्ष प्रतिनिधी, ईओआरआय क्रमांक (कस्टम्सचा नोंदणी क्रमांक) वगैरे. ड्यूटी भरायची. व्हॅटचं मात्र नेदरलँड्समध्ये एक बरं आहे. 'कलम २३' चा परवाना असेल तर आयातीचे २१ टक्के बंदरावर रोख भरावे लागत नाहीत, रिटर्नमध्ये देय आणि इनपुट दोन्ही दाखवून फिटतात. युरोपीय संघाबाहेरच्या कंपनीला हा परवाना डच कर प्रतिनिधीमार्फतच मिळतो. तो तुमच्या करासाठी जबाबदार राहतो म्हणून बँक गॅरंटी मागतो. रॉटरडॅमभोवती इतकी गोदामं उभी राहण्यात बंदराइतकाच या परवान्याचा वाटा आहे असं मला वाटतं.

ड्यूटीही आत्ता भरायची नसेल तर बाँडेड गोदाम हा पर्याय आहे. माल कस्टम्सच्या ताब्यात पडून राहतो, उचलेपर्यंत ड्यूटी नाही, व्हॅट नाही. गोदामभाडं जास्त, पण मालाची किंमत मोठी आणि उचल अनियमित असेल तर हिशोब करून बघा.

दुसरं पाऊल: रॉटरडॅमला मोकळा झालेला माल श्टुटगार्टला. ग्राहकाने मागणी केली, तुम्ही बिल केलं, ट्रक निघाला: ही सरळ सीमापार विक्री, शून्य टक्के, ग्राहकाचा जर्मन व्हॅट क्रमांक, आणि ट्रक खरंच गेला याचा पुरावा. सीएमआरची (ट्रकवाहतुकीच्या मालपत्राची) प्रत जपून ठेवा. जर्मनीत तुम्हाला नोंदणी लागत नाही.

पण ग्राहक म्हणाला की स्टॉक आमच्याच आवारात हवा, तर चित्र बदलतं. न विकलेला माल जर्मनीत गेला, म्हणजे ताम्रपर्णींची २०० बाटल्यांची गोष्ट आली. त्यातून सुटायला २०२० पासून कलम १७अ आहे, 'कॉल-ऑफ स्टॉक' म्हणतात ते. माल निघतानाच ग्राहक ठरलेला हवा आणि त्याचा जर्मन क्रमांक तुमच्याकडे हवा. तुमचं जर्मनीत ठाणं नको. डच विवरणात माल गेला तेव्हाच त्या ग्राहकाचा क्रमांक कळवायचा. दोघांनीही नोंदवही ठेवायची. आणि पोचल्यापासून १२ महिन्यांत ग्राहकाने माल उचलायचा. एवढं पाळलं की उचल होईल त्या दिवशी विक्री धरली जाते, तोवर काही नाही.

भोसरीकर

रॉटरडॅम कशाला मग? मुंबईहून थेट श्टुटगार्टला, ग्राहकाच्या आवारात ठेवतो आणि हे १७अ लावतो.

हिशेबनीस

नाही लागत. १७अ फक्त एका सदस्य देशातून दुसऱ्या सदस्य देशात गेलेल्या मालाला. भारतातून थेट जर्मनीत माल आला तर ती आयात, आणि नंतर जर्मनीतल्या जर्मनीत विक्री. त्यासाठी जर्मनीचा क्रमांक घ्यावा लागेल. गंमत अशी की वाटेत नेदरलँड्सला एक थांबा घेतला की कागद हलके होतात.

व्रोत्स्वाफचा वाटसरू

भोसरीकर, नोंदवहीकडे दुर्लक्ष करू नका. आमच्याकडे असे साठे असतात, आणि गडबड होते ती १२ महिन्यांच्या मोजणीत. एकाच भागाचे चार लॉट वेगवेगळ्या तारखांना आलेले, रॅक एकच, आणि फोर्कलिफ्टवाला समोरचा पॅलेट उचलतो. जुना लॉट मागे वर्षभर पडून. बारा महिने संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माल आपोआप 'हस्तांतरित' झाला आणि पुरवठादाराला इथली नोंदणी लागली. लॉटवर पोचल्याची तारीख मोठ्या अक्षरांत लावा, आधी आलेला आधी काढायचा हे करारातच लिहा.

हिशेबनीस

अगदी. आणि माल उचलला गेला नाही तर दोन वाटा: मुदतीत परत नेदरलँड्सला आणा, किंवा मुदतीत दुसरा जर्मन ग्राहक शोधून नोंदीत नाव बदला. दोन्हींना कायद्यात मुभा आहे. चोरी किंवा नासधूस झाली तर त्या दिवसापासून सवलत संपते. किरकोळ तूट, म्हणजे साठ्याच्या ५ टक्क्यांच्या आतली, युरोपीय आयोगाच्या टिपणानुसार सोडून दिली जाते, पण ते टिपण आहे, कायदा नव्हे.

गोदाम दुसऱ्याचं आणि माणसं त्याचीच असतील तर सहसा तुमचं ठाणं मानत नाहीत. स्वतः जागा भाड्याने घेऊन स्वतःची माणसं बसवलीत, तर मात्र ते ठाणं, आणि १७अ गेलं.

जीएसटीग्रस्त

भोसरीकर, आपल्या बाजूचं विसरू नका. न विकता बाहेर पाठवलेला माल, 'कन्साइनमेंट' वर, याबद्दल जुलै २०१९ चं १०८ क्रमांकाचं परिपत्रक आहे. पाठवताना तो पुरवठा नाही, म्हणून बिल नाही, डिलिव्हरी चलनावर जातो. पण पाठवल्यापासून *६ महिन्यांत* विकला नाही किंवा परत आला नाही, तर सहा महिने संपतात त्या दिवशी पुरवठा झाला असं धरून बिल करायचं.

म्हणजे तुमच्यापुढे दोन घड्याळं आहेत. भोसरीतून माल निघाला की आपलं सहा महिन्यांचं सुरू. समुद्रात बरेच आठवडे गेले, रॉटरडॅमला काही पडून राहिला, मग श्टुटगार्टला पोचल्यावर यांचं बारा महिन्यांचं सुरू. जर्मन ग्राहक "वर्षभर वेळ आहे" म्हणून निवांत असेल, तोवर इथे तुमची मुदत संपलेली असेल. ते बिल झाल्यावर परताव्याचे कागदही त्याच तारखेला धरून करायचे. तीन महिन्यांचा स्टॉक ठरला आहे ना, तो तीनच ठेवा.

भोसरीकर

हे आमच्या सीएंनाही दाखवतो. दोन घड्याळांचं कुणीच बोललं नव्हतं. बाँडेडचा कोट मागवतोय, आणि प्रतिनिधीच्या गॅरंटीची रक्कम बघून मग ठरवू. साहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

ओंडका

हे सगळं लंडनला नाही ना? आमचा चुलतभाऊ बर्मिंगहॅममध्ये गोदाम घेऊन बसला आहे.

हिशेबनीस

ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून या घरातून बाहेर. बर्मिंगहॅमहून कोलोनला माल म्हणजे निर्यात आणि आयात, कस्टम्ससकट. उत्तर आयर्लंड तेवढं मालापुरतं अजून आत धरतात, त्यांचा क्रमांक एक्सआय ने सुरू होतो. बेलफास्टचा साठा आणि बर्मिंगहॅमचा साठा, देश एक आणि नियम दोन.

नवी_सुरुवात

माझा माल आधीच पोलंडमध्ये गेलेला असावा असं फाइलवरून दिसतंय. सेटिंग कधी चालू झालं ते कळलं नाही. आता?

व्रोत्स्वाफचा वाटसरू

आधी सेटिंग बंद करा, म्हणजे आणखी जाणार नाही. मग फाइलमधली पहिली तारीख शोधा, नोंदणी त्या तारखेपासून मागायची आणि मागची रिटर्नं भरायची. पोलंडमध्ये खात्याने विचारण्याआधी स्वतःहून लेखी कळवलं तर फौजदारी दंडातून सुटका मिळण्याची तरतूद आहे. व्याज लागेल ते लागेल. नोटीस आल्यावर ती वाट बंद, म्हणून या आठवड्यातच माणूस गाठा.

ताम्रपर्णी

सगळं वाचून कागद-पेन्सिल घेऊन बसले. धरून चालते की जादा आकार नगाला ४० सेंट आणि पोलंडचा हिशेबनीस महिन्याला १०० युरो. वर्षाचे १,२०० युरो, म्हणजे निव्वळ बरोबरीत यायला वर्षाला ३,००० नग विकायला हवेत. चेकियाही घेतला तर ६,०००. माझी विक्री त्याच्या जवळपासही नाही. शिवाय दर महिन्याची ती फाइल माझ्याच डोक्यावर. टिक करत नाही. जादा सेंट बाटलीच्या किमतीत घालते.

पण कायम असंच राहणार का? कुठेतरी वाचलं की नियम बदलणार आहेत.

हिशेबनीस

बदलणार आहेत. 'डिजिटल युगातला व्हॅट' नावाचं पॅकेज मार्च २०२५ मध्ये मंजूर झालं. १ जुलै २०२८ पासून स्वतःच्या मालाची एका सदस्य देशातून दुसऱ्यात होणारी हालचाल ओएसएसच्याच एका नव्या शाखेत दाखवता येईल, आणि पोलंडमधून पोलंडमधल्या ग्राहकाला केलेली विक्रीही ओएसएसमध्ये येईल. म्हणजे चिकूवाडी जे आज म्हणाले ते २०२८ मध्ये बरंचसं खरं होईल. नोंदी मात्र तशाच ठेवाव्या लागणार, फक्त त्या एका दारातून द्यायच्या. आणि पोलंडमध्ये काही खर्च केला, त्यावर व्हॅट भरला, तर तो ओएसएसमधून वजा होणार नाही, परताव्याचा वेगळा अर्ज.

भोसरीकर, तुमच्यासाठी: १७अ जाणार आहे. ३० जून २०२८ नंतर नवा माल त्याखाली पाठवता येणार नाही आणि आधी गेलेल्याचा निपटारा ३० जून २०२९ पर्यंत. त्याच्या जागी नवी शाखा आणि व्हॅट क्रमांक असलेल्या ग्राहकाने स्वतः कर दाखवण्याची पद्धत सगळीकडे सक्तीची होणार. ग्राहकाशी पाच वर्षांचा करार करत असाल तर त्यात १७अ चं नाव कोरून ठेवू नका.

चिकूवाडी

म्हणजे मी तीन वर्षं लवकर बोललो. नोंद घ्यावी.

भोसरीकर

कराराच्या मसुद्यात ते कलम होतंच. खोडलं.

कोकणकन्या

वाखु (वाचनखूण) साठवली. ताम्रपर्णी, ती तांब्याची बाटली आतून काळी पडते ती कशाने घासायची? चिंचेने की लिंबाने?

ताम्रपर्णी

चिंच. लिंबू चालतं, पण मीठ जास्त लावू नका. जर्मन गिऱ्हाइकांना चिंच समजावून सांगता येत नाही म्हणून पत्रकात लिंबूच छापलं आहे.

ओंडका

शेवटचं. झुरिचमध्ये स्टॉक ठेवला तर?

हिशेबनीस

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. तिथे पुन्हा कस्टम्स, ८.१ टक्के त्यांचा व्हॅट, आणि नोंदणीची मर्यादा जगभरच्या उलाढालीवर मोजतात. नवा धागा काढा, मी तिथे येतो.